सबनीस-सानांची अमेरिकी कोर्टं

हेमचंद्र सबनीस यांनी अमेरिकेतलं कोर्ट आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आणि तेही गाडी जोरात हाकल्याबद्दल. ओहायोतल्या एका लहान गावात नगरपालिकेच्या कोर्टात ते अर्धा तास बाकावर बसले, चूक कबूल केली, दंड भरला आणि बाहेर आले. एवढ्या भांडवलावर योकोहामात परतल्यापासून ते अमेरिकी न्यायव्यवस्थेचे जाणकार झाले.

ते ज्या कंपनीत काम करत, ती बाटल्यांवर झाकणं बसवणारी यंत्रं बनवते. अमेरिकी गिऱ्हाइकांच्या तक्रारी हाताळणाऱ्या विभागाचे सबनीस काचो, म्हणजे विभागप्रमुख. ओहायोत तीन वर्षं राहून आलेला विभागातला हा एकच माणूस. त्यामुळे तिथली थंडी, तिथल्या निवडणुका, तिथलं मांस, सगळ्यावर अखेरचा शब्द त्यांचा. जपानी सहकारी समोरच्याला चुकीचं ठरवत नाहीत. ते 'हो का' म्हणतात आणि आपल्या टेबलाकडे जातात. सबनीसांनी या 'हो का'चा अर्थ आपल्या सोयीचा लावला आणि त्यावर बारा वर्षं काढली.

कायद्याचा नाद त्यांना घरातून लागला होता. वडील पुण्याच्या जिल्हा न्यायालयात नाझर होते. कोर्टाच्या खुर्च्या, पंखे, जप्तीचा माल आणि बेलिफ हे त्यांचं राज्य. रात्री जेवताना ते पक्षकारांच्या गोष्टी सांगत, आणि प्रत्येक गोष्टीत पक्षकार मूर्ख, वकील लबाड आणि न्यायाधीश झोपाळू असे. शहाणा एकटा नाझर. मुलाने वकिली केली नाही, मार्क चांगले पडले म्हणून इंजिनिअर झाला; पण ताटावर बसून जगाला तुच्छ लेखण्याची ती सवय त्याने इस्टेटीसारखी उचलली. भारतातली कोर्टं म्हणजे तारखांचा बाजार, जपानातली म्हणजे शिक्के मारण्याचं दुकान आणि अमेरिकेतली म्हणजे तमाशा, हे त्यांचं ठरलेलं मत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेतसुद्धा ते कुणाला तरी ज्युरीबद्दल सांगत उभे असत. प्रसाद मिळाला की ऐकणारा सटके.

मग खरोखरच खटला आला.

ओहायोतल्या एका सॉसच्या कारखान्यात डॅरेल कुट्झ नावाच्या कामगाराची तीन बोटं कंपनीच्या यंत्रात गेली. यंत्राची जाळी उघडली की एक स्विच यंत्र बंद पाडतो. त्या दिवशी जाळी उघडी होती आणि यंत्र चालू राहिलं. कुट्झने कंपनीवर दावा लावला. कंपनीच्या अमेरिकी वकिलांनी योकोहामाला एक इंग्रजी नोटीस पाठवली आणि संचालक होंजो यांनी सबनीसांना सांगितलं की हे काय आहे ते विभागाला समजावून द्या.

सबनीसांना आणखी काय हवं होतं? त्यांनी दोन शनिवार-रविवार बसून चाळीस स्लाइड केल्या. पहिलीवर शीर्षक होतं, 'अमेरिकी न्यायव्यवस्था आणि तिची न्यायालये : एक ओळख'. दुसरीवर त्यांचं स्वतःचं नाव.

नोव्हेंबरात एका सकाळी बैठकीच्या खोलीत विभाग जमला. सबनीस उभे राहिले आणि त्यांनी शिकवायला घेतलं. जे सांगितलं त्यातलं बरंचसं बरोबर होतं, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

अमेरिकेत कोर्टांची एक शिडी नाही, ते म्हणाले. पन्नास राज्यांच्या पन्नास शिड्या, आणि शेजारी केंद्राची एक्कावन्नावी. केंद्राच्या शिडीला खाली जिल्हा न्यायालय, मध्ये अपिलाचं न्यायालय, ज्याला सर्किट म्हणतात, आणि वर सुप्रीम कोर्ट. वरचे नऊ न्यायाधीश आलेल्या अर्जांतले मूठभर ऐकतात, बाकीचे कारण न देता परत करतात. कुट्झने दावा राज्याच्या कोर्टात लावला होता. एक बाजू परदेशी म्हणून आपल्या वकिलांनी तो केंद्राच्या कोर्टात ओढून नेला.

"का नेला?" एकाने विचारलं.

"कारण ओहायोत राज्याचे न्यायाधीश निवडणुकीला उभे राहतात." सबनीसांनी इथे थांबून हशाची वाट पाहिली. "लोकांच्या अंगणात त्यांच्या नावाच्या पाट्या असतात. मी डोळ्यांनी पाहिल्यात. आज ज्याने मत दिलं, उद्या त्याचाच खटला समोर. केंद्राचा न्यायाधीश निदान जन्मभरासाठी नेमलेला असतो, त्याला कुणाच्या पाया पडावं लागत नाही."

मग ज्युरी. रस्त्यावरून धरून आणलेली माणसं, ते म्हणाले, एक न्हावी, एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर, दोन निवृत्त बायका. स्विच म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही, आणि ते ठरवणार की आपला स्विच वाईट होता की नाही. ज्युरीवर त्यांनी अकरा स्लाइड खर्च केल्या. विभागातल्या लोकांनी माना खाली घालून टिपणं घेतली.

शेवटून दुसरी स्लाइड होती नोटिशीची, म्हणजे ज्यासाठी बैठक बोलावली होती तिची. अमेरिकी दिवाणी खटला उभा राहण्याआधी प्रत्येक पक्षाला आपली कपाटं दुसऱ्यासमोर उघडी करावी लागतात. त्याला ते डिस्कव्हरी म्हणतात. म्हणून दावा लागला की संबंधित काहीही फेकायचं नाही, हे त्या नोटिशीत दोन पानं भरून लिहिलं होतं. तोवर बारा वाजत आले होते आणि खालच्या मजल्यावरून कढीभाताचा, म्हणजे जपानी करीचा, वास वर यायला लागला होता.

"ही वकिलांची कामं," सबनीस म्हणाले. "ईमेल उडवू नका. झालं."

ओगाता-सानांनी, म्हणजे ओगातारावांनी, हात वर केला. ओगाता विभागातले सगळ्यात जुने. चुकण्याची भीती हा त्यांचा स्थायीभाव. "सबनीस-सान, माफ करा. त्या मधल्या कपाटात परत आलेले स्विच आहेत. त्यांचं काय?"

अमेरिकेतल्या कारखान्यांनी 'चालत नाही' म्हणून परत पाठवलेले स्विच त्या कपाटात वर्षानुवर्षं साठले होते, प्रत्येक आपापल्या पिशवीत, तारखेच्या चिठ्ठीसकट.

"ओगाता-सान," सबनीस म्हणाले, "अमेरिकी वकील कागद खातात. लोखंड नाही."

यावर मात्र सगळे हसले. सबनीसांचा तो दिवस सार्थकी लागला. नोटीस त्यांनी पहिल्या परिच्छेदापुढे वाचलेली नव्हती.

डिसेंबरच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जपानातल्या ऑफिसांत ओओसोजी होते. ओओसोजी म्हणजे वर्षअखेरची मोठी सफाई. सरत्या वर्षाची धूळ नव्या वर्षात न्यायची नाही म्हणून साहेबापासून शिकाऊपर्यंत सगळे डोक्याला टॉवेल बांधून फडकी मारतात. सबनीस याबाबतीत जपान्यांहून जपानी झाले होते. रबरी हातमोजे घालून ते खिडक्या पुसत होते तेव्हा ओगाता स्विचांचा खोका घेऊन समोर उभे राहिले.

"हे काढायचे का? की ती नोटीस..."

"काढा, काढा. म्युझियम आहे का हे?"

ओगातांनी काढले. त्या देशात कचरा नुसता टाकता येत नाही. त्यामुळे विभागातल्या दोन मुलींनी खाली बसून प्रत्येक पिशवी उघडली. चिठ्ठी कागदात, पिशवी प्लॅस्टिकमध्ये, स्विच धातूत. पुरावा इतक्या टापटिपीने क्वचितच नष्ट झाला असेल. संध्याकाळी रिकाम्या, पुसलेल्या कपाटासमोर विभागाचा फोटो काढला. मधोमध सबनीस, हातात फडकं.

जानेवारीत कुट्झच्या वकिलांनी ते स्विच मागितले.

कंपनीचा अमेरिकी वकील व्हिटकर व्हिडिओ कॉलवर होता. सफाईची हकिगत त्याने ऐकली आणि ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली. सबनीसांना वाटलं लाइन खराब आहे. मग त्याने समजावलं. जपून ठेवायची वस्तू तुम्ही फेकलीत, तर न्यायाधीश ज्युरीला सांगू शकतो की ती वस्तू कंपनीच्या विरुद्धच बोलली असती असं धरून चाला. तसं झालं तर खटला उभा राहण्याआधीच पडला. आता सगळं एका प्रश्नावर होतं. ही सफाई अजाणतेपणी झाली, की कळूनसवरून?

याची जबानी सबनीसांना द्यायची होती. अमेरिकी खटल्यासाठी जपानात जबानी कुठल्याही हॉटेलात घेता येत नाही. ती टोकियोच्या अमेरिकी दूतावासात किंवा ओसाकाच्या वकिलातीत, तिथल्याच खोलीत, तिथल्या अधिकाऱ्याने शपथ दिल्यावर घ्यायची असते, आणि त्या खोलीसाठी महिनोन्महिने आधी नंबर लावावा लागतो. तारीख मिळाली जूनची.

ऑक्टोबरात खात्याचे बुचो, म्हणजे काचोंच्या वरचे खातेप्रमुख, निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेसाठी दोन नावं होती, सबनीसांचं आणि ओसाका शाखेतल्या एका गृहस्थाचं. परदेशी माणूस कंपनीत बुचो कधी झाला नव्हता. होंजो जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "दूतावासातलं काम नीट पार पडलं की आपण बोलू." सबनीसांनी घरी येऊन हे वाक्य बायकोला तीन वेगवेगळ्या सुरांत म्हणून दाखवलं.

जबानीआधी व्हिटकरने त्यांना अकासाकातल्या एका हॉटेलात दोन दिवस घोकवलं. त्याचं म्हणणं साधं होतं. "खरं आहे तेच सांगा. नोटीस इंग्रजीत होती. तुम्ही ती नीट वाचली नाहीत. या लोकांना अमेरिकी कोर्टांचा गंध नव्हता, तुम्हालाही वस्तूंबद्दलचा नियम माहीत नव्हता. वर्षअखेरची सफाई हा इथला रिवाज. कुठलाही न्यायाधीश हे समजून घेईल. विचारतील तेवढंच बोला. आणि माहीत नसेल तर 'माहीत नव्हतं' म्हणा."

सबनीस योकोहामाला घरी आले ते धुमसत.

"चाळीस स्लाइड केल्या मी. आणि हा मला सांगतो, म्हणा माहीत नव्हतं!"

"पण नव्हतंच ना माहीत?" सुनीता म्हणाली. ती कणीक मळत होती.

"तो मुद्दा नाहीये."

"म्हणजे तुम्हाला तिथे जाऊन फक्त 'मला माहीत नव्हतं' एवढं बोलायचंय?"

"हो."

"मग कठीण आहे, न्यायमूर्ती. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी अजून ऐकलेलं नाही."

त्यांची मुलगी, नाव कादंबरी, सोफ्यावर पडली होती. फोनमधून डोकं वर न काढता ती म्हणाली, "मुरी." मुरी म्हणजे अशक्य.

सबनीस आतल्या खोलीत गेले आणि अमेरिकेचे दिवाणी कामकाजाचे नियम उघडून बसले. नोव्हेंबरात जे वाचायला हवं होतं ते त्यांनी जूनात पाठ केलं.

दूतावासातली खोली पाहून त्यांची निराशा झाली. उंच खुर्ची नाही, झगा नाही, हातोडा नाही. न्यायाधीशच नाही. एक लांब टेबल, एक कॅमेरा, शब्दन् शब्द टिपणारी एक बाई, बाजूला व्हिटकर. वकिलातीच्या अधिकाऱ्याने शपथ दिली आणि तो निघून गेला. कॅमेरा सुरू करताना खटल्याचं नाव वाचलं गेलं, तेव्हा कुट्झ हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदा आणि शेवटचा उच्चारला गेला.

कुट्झची वकील समोर बसली होती. डोना पुलास्की, साठीची, ओहायोतल्याच एका गावची. जाड तळव्यांचे बूट, सर्दी झालेली, समोर रुमालांचं पाकीट. खटला जिंकला तरच हिला फी मिळणार, हरला तर काही नाही, हे सबनीसांना माहीत होतं. असल्या वकिलांना त्यांचे वडील 'वडाखालचे', म्हणजे कोर्टाबाहेर झाडाखाली पक्षकार गाठणारे, म्हणत. तिने पेन दोनदा झटकलं, ते चालेना, तेव्हा सबनीसांनी आपलं पेन पुढे केलं आणि मनाशी नोंद केली की तालुक्याची वकीलीण आहे.

सकाळभर तिने साधे प्रश्न विचारले. सबनीसांनी प्रत्येकाला भाषणाएवढं उत्तर दिलं. व्हिटकर मधूनमधून घसा खाकरत होता. सबनीसांना वाटलं सर्दी त्यालाही लागली.

जेवणानंतर ती सफाईवर आली.

"नोटीस इंग्रजीत होती?"

"हो."

"तुमच्या विभागातल्या लोकांना इंग्रजी बेताचंच येतं?"

"बेताचंही नाही."

पुलास्की नाक पुसत म्हणाली, "साहजिक आहे. मी समजू शकते. बाटल्यांच्या झाकणांची कंपनी, जगाच्या या टोकाला. अमेरिकी कोर्टं कशी चालतात याची तुमच्या ऑफिसात कुणालाच काही कल्पना नव्हती. बरोबर ना, मिस्टर सबनीस?"

व्हिटकर हलायचा थांबला. दार सताड उघडं होतं. ज्या एका शब्दासाठी दोन दिवस हॉटेल घेतलं होतं, तो शब्द बाईने स्वतःच तयार करून ताटात वाढला होता. 'बरोबर' म्हटलं की झालं. त्यापलीकडे बुचोची खुर्ची होती.

सबनीसांनी तिच्या बुटांकडे पाहिलं.

"बरोबर नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी स्वतः विभागाला अमेरिकी न्यायव्यवस्था शिकवली आहे. चाळीस स्लाइड."

"हरकत," व्हिटकर म्हणाला. हरकत नोंदली गेली. ती ऐकायला न्यायाधीश नव्हता, आणि साक्षीदाराला थांबायचं नव्हतं.

"चाळीस!" पुलास्की म्हणाली. तिने ओंजळीत हनुवटी टेकली. "म्हणजे ही राज्याची कोर्टं, केंद्राची कोर्टं, सगळं? ओहायो सातव्या सर्किटमध्ये येतं हेसुद्धा?"

"सहाव्या."

"अरे हो. सहाव्या. आणि डिस्कव्हरी?"

"त्याशिवाय कसं शिकवणार?"

"बऱ्याच जणांचा असा समज असतो की डिस्कव्हरी म्हणजे फक्त कागदपत्रं."

"अडाण्यांचा," सबनीस म्हणाले. "नियम चौतीस. कागदपत्रं, संगणकातला मजकूर, आणि हाताळता येण्याजोग्या वस्तू. वस्तू हा शब्द स्पष्ट आहे त्यात."

"हेही तुम्ही त्यांना सांगितलंत?"

इथे त्यांना थांबता आलं असतं. सांगितलं नव्हतं. माहीतच नव्हतं. हा नियम त्यांनी वाचून पुरता आठवडा झाला नव्हता. पण समोरची बाई भुवया उंचावून बघत होती, आणि कॅमेरा चालू होता.

"अर्थात."

"नोव्हेंबरात."

"नोव्हेंबरात."

"सफाईच्या आधी."

"आधीच. नोव्हेंबर डिसेंबरच्या आधी येतो, मॅडम."

पुलास्कीने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्यांचं पेन त्यांना परत केलं. "आभारी आहे, मिस्टर सबनीस. फार उपयोगी माहिती दिलीत. मला आणखी काही विचारायचं नाही."

माणूस अज्ञान लपवायला खोटं बोलतो, हे नवं नाही. शपथेवर खोटं बोलून स्वतःचा गुन्हा वाढवून घेणारा मात्र क्वचित भेटतो. बाहेर पडताना व्हिटकरने एवढंच विचारलं, "का?" सबनीस म्हणाले, "ती चुकीचं बोलत होती." तामेइके-सान्नोला भुयारी गाडी पकडण्याआधी त्यांनी सुनीताला फोन करून सांगितलं की उत्तम झालं, बाईला काही येत नव्हतं, सर्किटसुद्धा मलाच सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ओगातांची जबानी झाली. दुभाष्यामार्फत ते दिवसभर 'माहीत नव्हतं' म्हणत राहिले, आणि नोव्हेंबरातल्या बैठकीबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले की मी झोपेत असेन. विभागातल्या कुणालाच त्या बैठकीतलं ज्युरीपलीकडे काही आठवेना. पण शिकवणाऱ्यानेच शपथेवर सांगितलं होतं की शिकवलं. न्यायाधीशाने तेच धरलं. कळूनसवरून फेकले, तो म्हणाला, आणि तसं ज्युरीला सांगितलं जाईल. पंधरवड्यात कंपनीने तडजोड केली. ज्या न्हाव्यावर, ड्रायव्हरवर आणि निवृत्त बायकांवर अकरा स्लाइड झाल्या होत्या, त्यांना बोलवायची वेळच आली नाही. तिथले बहुतेक दिवाणी दावे असेच ज्युरीपर्यंत न पोचता मिटतात. हे स्लाइडांत नव्हतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होंजोंनी सबनीसांना खोलीत बोलावलं. चहा मागवला. मग या माणसाने, ज्याला शिव्या द्यायचा पूर्ण हक्क होता, आधी स्वतःच माफी मागितली. एवढं मोठं काम एकट्यावर टाकायला नको होतं, म्हणाले. सबनीसांनी ती माफी स्वीकारली.

"सबनीस-सान, एकच विचारतो. इथे कॅमेरा नाही, वकील नाहीत." होंजोंनी पेला बशीवर ठेवला. "आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की नोव्हेंबरात तुम्हालाही तो वस्तूंचा नियम माहीत नसावा. तसं असेल तर ती चूक आहे. चूक कुणाकडूनही होते. तसं असेल तर मी वर बोलू शकतो. माहीत असून फेकले असतील, तर मला काही बोलता येणार नाही."

खिडकीबाहेर बंदरातली क्रेन हळूहळू वळत होती. हो म्हटलं तर आयुष्यभराचा जाणकार एका वाक्यात संपत होता. नाही म्हटलं तर नुसती नोकरीतली बढती जात होती.

सबनीसांनी जाकिटाचं बटण लावलं.

"होंजो-सान," ते म्हणाले, "तो नियम अमेरिकेतल्या लहान मुलालाही माहीत असतो. मला कसा नसेल?"

"हो का," होंजो म्हणाले. ते उठले, त्यांनी दार उघडून धरलं, सबनीस बाहेर पडेपर्यंत वाकून उभे राहिले आणि मग बाहेर बाकावर बसलेल्या ओसाकाच्या गृहस्थाला आत या म्हणाले.